काचेवरचं पाणी

फाटकाची दांडी मोटारीच्या नाकाला लागली तेव्हा आवाज अगदी बारीक झाला. टक्. दारावर कुणी बोटाने वाजवावं इतकाच. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होती, त्यामुळे दांडी नुसती थरथरली आणि तिच्यावर टांगलेला लाल पत्रा दोनदा हलून थांबला. पलीकडून मालगाडी निघाली होती. तिचे डबे एकामागून एक धाडधाड जात होते आणि हरिश्चंद्र सावे स्टिअरिंग धरून ते ऐकत बसला होता. डहाणूरोडचं हे फाटक तो मोटार चालवायला लागल्यापासून ओलांडत आला होता. झोपेतही त्याला त्याचा चढ कळला असता. आणि आज फाटक बंद आहे हे त्याला दांडी लागल्यावर समजलं. लागण्याआधी समोर काय होतं ते आठवून बघायचा त्याने प्रयत्न केला. समोर सकाळचं ऊन होतं, पांढुरकं, पातळ ताकासारखं, आणि त्या उन्हात काहीच नव्हतं. फाटकवाला काशीनाथ हिरवं निशाण काखेत मारून आला आणि हसत म्हणाला, "काय हरिभाऊ, फाटक घेऊनच तलासरीला निघालात काय?" हरिश्चंद्राच्या तोंडातून एकदम निघालं, "काच. काच बघ ना कशी झालीय." काशीनाथने काचेकडे बघितलं. काच खरोखरच धुळीने भरली होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी पुटपुटत तो दांडी उचलायला गेला. शेजारी बसलेला त्याचा क्लीनर लाहू खाली उतरला, फडक्याने काच पुसून परत जागेवर येऊन बसला आणि एक शब्दही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं हरिश्चंद्राला काशीनाथच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

काच. शब्द कुठून सुचला कुणास ठाऊक, पण एकदा सुचल्यावर त्याने तो सोडला नाही. दिवसभर तो त्या शब्दाला धरून गाडी चालवत राहिला. आणि खोटंही काही नव्हतं त्यात. आशागड, गंजाड, चारोटी, मग हमरस्त्याने तलासरी, ही सगळी वाट म्हणजे धुळीचं पोतं. वखारीतून गवताच्या गाठी भरून मुंबईच्या तबेल्यांकडे निघालेले ट्रक समोरून आले की रस्ता घटकाभर नाहीसा व्हायचा. धूळ, वर गवताची कुसं, आणि गावाजवळ खाडीवरून येणारी खारी हवा, ती काचेवर बसली की बोटाला चिकटायची. गाडी अडतीस सालची शेवरोले. मलयाणच्या एका वाडीवाल्याने नवी मोटार घेतली तेव्हा ही जुनी हरिश्चंद्राने उचलली, आणि तेव्हापासून तिच्यात चिंचणीच्या कोळणी सुकटाच्या टोपल्या घेऊन बसल्या, कोसबाडचे मास्तर बसले, लग्नाची वऱ्हाडं बसली, आणि तलासरीकडच्या पाड्यांवरच्या अडलेल्या बाया तर किती बसल्या त्याला गणती नव्हती. रात्री-अपरात्री कुणी पाड्यावरून धावत आला की तो एकच नाव घ्यायचा. हरिसेट. काच साफ राहावी म्हणून ड्रायव्हर लोक बटाटा कापून काचेला चोळतात, कुणी ओला तंबाखू चोळतो. त्या आठवड्यात त्याने दोन्ही चोळून बघितलं. लाहू बाहेरून पुसायचा, तो आतून पुसायचा. दोघांच्या मध्ये काच इतकी स्वच्छ व्हायची की लाहूच्या गळ्यातला काळा दोरा दिसावा. मग लाहू बाजूला व्हायचा, आणि त्याच्यामागे पुन्हा ते ताक.

घरीही त्याने काचेचंच धरलं. संध्याकाळी कंदिलाभोवती एक रंगीत कडं दिसायचं, तांबूस, मग हिरवट. "कंदिलाची काच घासत जा जरा," तो बायकोला, नर्मदेला, म्हणायचा. ती राखेने घासायची, कागदाने पुसायची, काच तोंडाजवळ धरून वाफ सोडायची आणि परत पुसायची. कडं जात नव्हतं. तिने एकदाही काच स्वच्छ आहे असं म्हटलं नाही. फक्त त्याच्या चहाची बशी ती हल्ली पाटाच्या उजव्या कोपऱ्यालाच ठेवू लागली होती, रोज तिथेच, आणि उंबऱ्यातली पायताणं उचलून भिंतीशी लावू लागली होती. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला तिचा भयंकर राग आला, आणि त्या रागाला कारण देता येईना म्हणून तो भाजीत मीठ कमी आहे यावरून ओरडला. त्याच संध्याकाळी ती देवापुढे समई लावून उठली आणि त्याची नजर सहज तिकडे गेली. समईच्या ज्योतीभोवती कडं होतं. तांबूस, मग हिरवट. समईला काच नसते. तो बराच वेळ देवघराच्या दारात उभा राहिला, आणि नर्मदेला वाटलं तो नमस्कार करतोय. भीती ही गोष्ट अशी पोटात उतरते हे त्याला माहीत नव्हतं. गार पाणी अनशापोटी प्यावं तशी ती उतरत गेली. मग त्याने खरंच हात जोडले.

वडिलांनाही असंच कडं दिसायचं. त्यांना त्याचं कौतुक होतं, दिव्याला इंद्रधनुष्य आलंय म्हणून ते लहानग्या हरीला मांडीवर घेऊन दाखवायचे, आणि हरीला दिसायचं नाही तेव्हा चिडवायचे. मग एकेक करून त्यांची वाडी धूसर झाली. माडांचे शेंडे गेले, चिकूची झाडं गेली, माणसांचे चेहरे गेले. पण ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाजारात जाताना ते हरीचा हात धरायचे, आणि लोकांना वाटायचं बाप मुलाला सांभाळून नेतोय. हरी सुरुवातीला सांगायचा, बाबा पायरी, बाबा दगड. वडील दातओठ खाऊन म्हणायचे, "बोलू नको. लोक ऐकतात." मग हरीने बोटाची खूण काढली. वडिलांच्या तळव्यात एकदा दाबलं की पायरी, दोनदा दाबलं की थांबा. वडिलांनी ही खूण कधी ठरवून घेतली नाही की तिचा कधी उल्लेख केला नाही. ते नुसते त्याप्रमाणे चालायला लागले. पुढे हरीला ताप आला, वडील एकटेच वाडीत गेले आणि पाटाच्या चरीत पडले. पाय मोडला त्याचं फारसं काही नव्हतं, तो जुळला. पण गावाला कळलं. त्या दिवसापासून लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले, जणू डोळ्यांबरोबर कानही गेले होते. नारळ उतरवणारे त्यांच्या देखत नारळ बाजूला सारू लागले. आंधळं दळतंय, असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. वडील पडवीत बसले ते शेवटपर्यंत तिथेच बसून राहिले. आपण मरू, पण त्या पडवीत बसणार नाही, असं हरिश्चंद्राने समईसमोर उभं राहून मनात म्हटलं. गाडी सोडली तर त्याच्याकडे दुसरं होतं काय? गाडी सोडली की तो हरिसेट नव्हता, सावेंचा आंधळा होता. बाप आंधळा, मुलगाही आंधळा. लोक सगळं कसं सोपं करून घेतात.

तलासरी नाक्यावर नानूभाईच्या भंगाराच्या आवारात एक विलायती मोटार येऊन पडली होती. हमरस्त्यावर ट्रकखाली गेली होती ती. पुढचा निम्मा भाग चेपलेला, पण बॉनेटवर काचेच्या पायथ्याशी दोन बारीक चकचकीत तोट्या जशाच्या तशा उभ्या होत्या. नानूभाईने त्याला त्यांचं काम समजावून सांगितलं. आत कळ दाबली की या तोट्यांतून काचेवर पाणी उडतं, वायपर फिरतो, आणि ड्रायव्हरला खाली उतरावं लागत नाही. हरिश्चंद्र त्या तोट्यांवरून बोट फिरवत राहिला. चालवणारा यातच गेला, हे नानूभाई सांगत होता. मग तो म्हणाला, "लई जाव ने, हरिभाई. मरेलाच्या गाडीची वस्तू कोई लेतुं नथी." हरिश्चंद्राने तोट्या काढून घेतल्या, त्यांच्याबरोबर आतला फुटका पंपही घेतला, कारण त्याच्या पोटातल्या छऱ्याएवढ्या दोन गोळ्या शाबूत होत्या आणि पाणी उलटं परतू नये म्हणून त्या लागणार होत्या. बाटली सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरने दिली, सलाईनची रिकामी, काचेची, रबरी बुचाची, आणि तिच्याबरोबर वीतभर-हातभर रबरी नळ्याही. देताना तो हरिश्चंद्राकडे जरा रोखून बघत होता. बाटली पुढे केली तर हरिश्चंद्राचा हात तिच्या शेजारून गेला. कंपाउंडर म्हणाला, डोळे एकदा दाखवून घ्या, दमणला मोठे डॉक्टर येतात. हरिश्चंद्र म्हणाला, डोळ्यांना काय धाड भरलीय, काच घाण होते म्हणून तर बाटली नेतोय. त्याच्या आवाजात एवढी चीड होती की कंपाउंडर बाटली त्याच्या हातात देऊन आत निघून गेला.

पंप मात्र कुठे मिळेना. मग त्याला गाडीचा जुना भोंगा आठवला. विजेचा हॉर्न बसवला तेव्हा काढून ठेवलेला, पितळी कर्ण्याचा, मागे मूठभर रबरी फुगा. फुगा दाबला की हवा सुटते, हवा सुटते तसं पाणीही सुटेल. लाहू आणि तो दोन दुपारी त्या कामात होते. लाहू चाळिशीचा, गंजाडकडच्या पाड्यावरचा वारली, हँडल मारून गाडी सुरू करण्यापासून चाक बदलण्यापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर. बोलायला कमी, हाताला खंबीर. बाटली बॉनेटखाली डाव्या अंगाला पट्ट्याने बांधली, कारण उजवीकडे इंजिनाचा तापलेला नळ होता. नळी तेवढी लांब नव्हती, म्हणून फुगाही डावीकडेच बसला, लाहूच्या गुडघ्याजवळ. हरिश्चंद्राला ते आवडलं नाही. आपल्या गाडीचं पाणी दुसऱ्याच्या हातात. पण नळी जिथपर्यंत पोचली तिथेच तिने त्याला आणून सोडलं. जोडणी झाली तेव्हा वखारीच्या आवारात गाडी ताडाच्या झाडांसमोर उभी होती. लाहूने फुगा दाबला. पहिल्यांदा नुसती फसफस आली, मग तोट्यांनी खाकरून घाण काढली आणि एकदम दोन धारा उठल्या, बारीक, वाकड्या, काचेवर येऊन फुटल्या. वायपर फिरला. धुळीचा लगदा बाजूला सरकला. वखारीतली माणसं कौतुकाने गोळा झाली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काचेवर आता कणभरही धूळ नव्हती. एक माशी बसली होती तिचे पाय दिसत होते. माशीच्या पलीकडे ताड मात्र धुराचे खांब होते, काल होते तसेच. लाहूने त्याच्याकडे वळून विचारलं, "दिसं का, सेट?"

"दिसतंय," हरिश्चंद्र म्हणाला. इतकं सरळ खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता, आणि ते किती सहज निघालं याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

त्यानंतर लाहूने बोलायला सुरुवात केली. एरवी दिवसात दहा वाक्यं बोलणारा माणूस, तो रस्ता बोलू लागला. डाव्या हाताला बैल, सेट. म्होरं गाडी उभी हाय. पोरां हायत. हे सगळं तो गप्पा मारल्यासारखं, खिडकीबाहेर बघत म्हणायचा, पण मागे बसलेल्या उतारूंना कान होते. चिंचणीची एक कोळीण हसून म्हणाली, हा लाहू काय हरिभाऊंना गाव दाखवतोय काय. हरिश्चंद्राच्या कानशिलाखाली रक्त तापलं. चारोटीला उतारू उतरल्यावर त्याने लाहूला गाडीच्या मागे नेऊन सांगितलं, "गाडी चालू असताना तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. मला दिसतंय." बोलता बोलता त्याला ऐकू आलं की हा आवाज आपला नाही. दातओठ खाऊन बोलणारा तो वडिलांचा आवाज होता. लाहू जमिनीकडे बघत उभा राहिला, मग त्याने मान हलवली, आणि ती हललेली हरिश्चंद्राला दिसली नाही, नुसती कळली. परतीच्या वाटेवर लाहू गप्प होता. गंजाडच्या उतारावर काच स्वच्छ असताना अचानक पाणी उडालं. हरिश्चंद्र दचकला, त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि गाडी मंदावली तशी समोरच्या ताकातून म्हशींचा एक कळप हळूहळू काळा होत बाहेर आला. म्हशी गेल्या. लाहू खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या वळणाला पुन्हा पाणी उडालं, एकदाच, आणि समोर सायकलवाला निघाला. फाटकाजवळ दोनदा उडालं. हरिश्चंद्र थांबला. दांडी बंद होती. त्याच्या तळहाताला, जिथे स्टिअरिंगचं लाकूड टेकलं होतं तिथे, एक बोट दाबल्याचा भास झाला, आणि डोळे भरून आले म्हणून त्याने धोतराच्या सोग्याने चेहरा पुसला. लाहूला त्याने वडिलांची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. लाहूनेही कधी काही ठरवून घेतलं नाही. ते नुसते त्याप्रमाणे चालायला लागले.

दिवस बरे गेले. थंडी सरली, शिमगा आला आणि गेला. लोकांना गाडीचं नवीन खूळ आवडलं होतं. बोर्डीहून कुणी पाहुणा आला तर त्याला मुद्दाम पाणी उडवून दाखवायला लावायचे. हरिश्चंद्र गाडी आता पूर्वीपेक्षा हळू चालवतो, वय झालं, शहाणपण आलं, असं लोक म्हणायचे. तो मात्र आता रस्ता बघतच नव्हता. तो काच बघायचा. काच कोरडी असेपर्यंत जग रिकामं होतं, आणि काचेवर पाणी आलं की जगात काहीतरी होतं. इतकं सोपं. कधीकधी त्याला वाटायचं, आपण डोळस होतो तेव्हा उगीचच किती बघत होतो. पण पाणी भराभर संपायचं. बाटली दिवसातून एकदा तरी भरावी लागे, आणि होळीनंतर त्या बाजूच्या विहिरींचं पाणी तळाला जातं. गंजाडच्या अलीकडे रस्त्यालगत एक विहीर होती, तिथे बुधीबाई नावाची म्हातारी असायची. उन्हं कलली की ती गवताचा भारा डोक्यावर घेऊन आशागडकडच्या वखारीला जायची, एरवी विहिरीपाशी. बाया घागर घागर पाण्यासाठी तासन्‌तास बसायच्या तिथे लाहू सलाईनची बाटली घेऊन उभा राहायचा, आणि त्याला लाज वाटायची. बुधीबाईच त्याला आपल्या तांब्यातलं पाणी ओतून द्यायची. "तुमचे काचेला लय तहान," ती म्हणायची, आणि तिच्या तोंडातली दातांची फट हरिश्चंद्राला तिच्या हसण्यातूनच ऐकू यायची. तिला त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याच्यासाठी ती एक हसणं होती आणि बाटलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज होती.

त्या दिवशी दुपारी तलासरीच्या पुढल्या पाड्यावरून बोलावणं आलं. धाकली नावाची पोरसवदा बाई, पहिलटकरीण, कालपासून अडलेली. सुईणीने हात टेकले होते. तिला मागच्या सीटवर आडवी घातली, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. डहाणूचा दवाखाना गाठायचा होता. धाकली ओरडत नव्हती, नुसती दर थोड्या वेळाने हुंकारायची, आणि तो हुंकार दर वेळी अधिक खोलातून यायचा. हरिश्चंद्राने अशा कितीतरी बाया नेल्या होत्या, पण आवाजाकडे एवढं लक्ष कधी गेलं नव्हतं. आता त्याच्याकडे आवाजच उरले होते. चारोटीच्या पुढे चढावर इंजिन तापलं, झाकणातून वाफ येऊ लागली. गाडी थांबवावी लागली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता. मागे धाकली पाणी पाणी करत होती, सासू म्हणत होती तांब्या पाड्यावरच राहिला. लाहू उतरला, बॉनेट उघडलं, काचेचा किणकिण आवाज झाला, मग मागचं दार उघडलं, मग बंद झालं. हरिश्चंद्राला वाटलं इंजिनाचं काही करतोय. त्याने विचारलं नाही. उन्हं उतरत होती, आणि आता सूर्य समोर होता, सगळी काच एका पांढऱ्या जाळाने भरलेली. इंजिन निवलं तशी गाडी निघाली. मागचे हुंकार आता एकामागोमाग येत होते, सासू देवाला काहीबाही बोलत होती. गंजाड मागे पडलं असावं. लाहू जागेवर चुळबुळला.

"सेट, ती हीर आली. पानी—"

"बोलू नको," हरिश्चंद्र म्हणाला. "नंतर."

विहीर मागे गेली. तो पाय दाबत राहिला. काच कोरडी होती. किती वेळ कोरडी होती. रस्ता आज मोकळा होता, आणि मोकळ्या रस्त्यावर ही जुनी गाडी अशी धावते हे तो विसरूनच गेला होता. वारा खिडकीतून येत होता, त्यात गवताचा वास होता, आणि मागे एक बाई मरणाच्या दारात होती आणि तो तिला वेळेवर पोचवणार होता. त्याला क्षणभर तरुण असल्यासारखं वाटलं. त्याला वाटलं, डोळे म्हणजे काय असतं शेवटी, गाडी आपल्याला ओळखते, रस्ता आपल्याला ओळखतो. डावीकडून फस् असा आवाज आला. परत आला, फस्. लाहू दमलाय, असं त्याच्या मनात आलं. मग लाहू ओरडला, "सेट!" आणि त्याच वेळी गाडीच्या नाकाला काहीतरी लागलं. मोठा आवाज झाला नाही. भरलेलं पोतं अंगावर टेकावं तसं झालं, आणि सगळी काच पिवळी झाली.

गाडी वाकडी होऊन थांबली. लाहू दार उघडं टाकून पळाला. हरिश्चंद्र बसून होता. काचेवर गवत होतं, दाट, सुकं, आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच की काच घाण झालीय. "पाणी मार," तो म्हणाला. "लाहू, पाणी मार." लाहू नव्हता. त्याने डाव्या सीटवर वाकून चाचपडत फुगा शोधला आणि दाबला. फस्. वायपर गवतात अडकून कुरकुरत होता. परत दाबला. हवा. नुसती हवा येत होती, आणि हा आवाज त्याने आत्ताच कुठेतरी ऐकला होता. लाहू दमला नव्हता. लाहूने आधी एकदा दाबलं होतं, मग परत दाबलं होतं, कारण बोलायची बंदी होती, आणि तिसऱ्यांदा मात्र तो ओरडला होता. तेवढ्या दोन दाबांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मागून धाकलीचा आवाज आला, थकलेला, पण अगदी स्पष्ट. दोन कळांच्या मध्ये जेवढी उसंत मिळते तेवढ्यात ती बोलून घेत होती. "बाटलीतलां पानी मीच पिलां, सेट. लाहूनं दिलां माना."

त्याने फुगा सोडला. दार उघडलं आणि खाली उतरला. बाहेर उजेडच उजेड होता, कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते न कळणारा. लाहू कुठेतरी खाली होता, गवत बाजूला सारल्याचा आवाज येत होता, आणि तो हळू आवाजात एकच नाव घेत होता. बुधीबाय. बुधीबाय. त्याला उत्तर येत नव्हतं. लांबून धावत येणाऱ्या माणसांची पावलं ऐकू येत होती, वखारीकडची असावीत, सगळे ओळखीचे. हरिश्चंद्राने गाडीवर टेकलेला हात काढला, आणि दोन्ही हात पुढे धरून, बोटं फाकून, एकेक पाऊल चाचपत तो आवाजाच्या दिशेने चालू लागला. माणसं येऊन थबकली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"सेट, थांब तिथंच," लाहू म्हणाला. मोठ्याने म्हणाला, ऐकू न येणाऱ्याशी बोलावं तसं. "पुढं पाय टाकू नको. तुझे पायाशीच हाय ती."